हिला सगळं येतं

होळी होऊन गेली की आमच्या केंद्राच्या अंगणातला कडुनिंब पानं गाळायला लागतो. सकाळी झाडून काढावं तर दुपारपर्यंत पुन्हा पिवळा थर. भिंतींवरचा गुलाल अजून पुरता गेलेला नसतो, गणगौरीची गाणी म्हणत डोक्यावर लोटे घेतलेल्या मुली बनी पार्कच्या गल्ल्यांतून जात असतात, आणि कालपर्यंत अंगावर घ्यावंसं वाटणारं ऊन एका सकाळी अचानक नकोसं होतं. जयपुरात उन्हाळा असाच येतो, न विचारता.

लोक या दिवसांना परीक्षांचे दिवस म्हणतात. गोपालपुऱ्याकडे जावं तर कोचिंगच्या पाट्यांवर हसरे चेहरे आणि चेहऱ्यांखाली टक्के. अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव, त्यापुढेही बिंदू देऊन आकडे. माझ्यासाठी मात्र हे टीसीचे दिवस आहेत. टीसी म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. शाळा याच दिवसांत आपापली बाकं मोकळी करतात. ज्या मुलांना बोलायला, लिहायला, समजायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो, त्यांच्या आईबापांना बोलावतात, खुर्ची देतात, पाणी देतात आणि अतिशय गोड आवाजात सांगतात की यापुढे तुमच्या मुलीसाठी दुसरी एखादी चांगली जागा बघा.

आमचं केंद्र म्हणजे एका जुन्या घराच्या पुढच्या दोन खोल्या. अशा आईबापांनी शाळेशी आणि सरकारी कचेरीशी कसं बोलायचं, काय मागायचं, हे इथे सांगतात. मी कॉलेज सुटल्यावर येते. अर्ज लिहून देते, सोबत जाते. बोलायचं काम मुख्यतः केंद्र चालवणाऱ्या मॅडमचं. मी अजून अडखळते. माझं मराठी घरचं आहे, शाळेचं नाही, आणि शाळेत शिकलेल्या हिंदी-इंग्रजीतसुद्धा मोठ्या टेबलापलीकडच्या माणसाशी बोलताना मी वाक्य अर्धवट सोडते.

आज दुपारी चारदीवारीतून, म्हणजे जुन्या शहरातून, एक बाई आल्या. नवरा नगीने, दागिन्यांतले रंगीत खडे, घासायचं काम करतो. सोबत नऊ-दहा वर्षांची मुलगी. दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी, मानेपर्यंत पावडर, इस्त्रीचा फ्रॉक. मुलगी आल्या आल्या मला म्हणाली, "नमस्ते दीदी, मैं ठीक हूँ." मी काही विचारलंच नव्हतं. आई अभिमानाने हसल्या. "सब आता है जी इसको. बस, थोड़ा टाइम लगता है."

मी पाण्याचा पेला पुढे केला आणि तो हातातच राहिला. पावडरचा तो वास मी ओळखते. दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत तो आमच्याच घरातून गेला होता.

रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये आमच्या शेजारी इंगळेकाका राहतात. आमच्यासारखेच अकोल्याकडचे, बदलीने आलेले. बाबा आणि काका एकाच सिग्नल खात्यात, एकाच गँगमध्ये. संगीताकाकूंची आणि माझ्या आईची मैत्री झाली ती ज्वारीच्या पिठावरून. इथे बाजरी मुबलक, मनासारखी ज्वारी मिळेना, आणि काकूंनी कुठूनशी शोधून आणली होती. त्यांची मुलगी मीनल, आम्ही मिनू म्हणतो. तेव्हा ती दहा वर्षांची होती. तिला मटार सोलायला आवडायचं. सोललेले दाणे वाटीत टाकायचे, आणि टरफलंही वाटीतच. आई काही बोलायची नाही, नंतर निवडून घ्यायची. मिनू क्वार्टरच्या दोन ओळींच्या मधल्या रस्त्यावर हरवायची. सगळी दारं सारख्या रंगाची, त्यामुळे ती कुठल्याही दारात जाऊन उभी राहायची आणि आतून जी कोणी येईल तिला म्हणायची, "आई, भूक." बायका तिला पोळी द्यायच्या आणि हात धरून घरी आणून सोडायच्या. एकदा मात्र ती यार्डाच्या भिंतीपलीकडे सापडली. त्या दिवशी काकू तिला मारतही होत्या आणि कुरवाळतही होत्या, दोन्ही एकाच हाताने.

पण बाहेरच्या कोणी विचारलं की काकूंचं एकच उत्तर. "हिला सगळं येतं."

हे उत्तर फक्त काकूंचं नाही. आमच्या घरांत मुलगी थोडी उंच झाली की आया हे वाक्य बोलायला लागतात. पाव्हणे आले, कोणी सहज विचारलं, पोरगी काय करते, की स्वयंपाक येतो, शिवण येतं, रांगोळी येते, सगळं येतं. दाखवायच्या कार्यक्रमाला अजून दहा वर्षं असतात, पण सराव आधीपासून चालू. माझी आईसुद्धा सांगते, "हिला पुरणपोळी येते." मला येत नाही. मी तिथेच बसलेली असते आणि गप्प असते, कारण आई खोटं बोलत नसते. ती माझ्या अंगावर एक चांगली चादर टाकत असते.

मिनूची शाळा घरापासून जवळ होती. खाजगी, पण साधीच. तिथे तिला शेवटच्या बाकावर बसवायचे आणि रंगवायला चित्रं द्यायचे. पहिलीतही फुगा, चौथीतही फुगा. दरवर्षी पुढच्या वर्गात ढकलायचे. मुख्याध्यापिका भेटल्या की म्हणायच्या, "बच्ची बहुत प्यारी है." मला या शब्दाचा आता राग येतो. शाळेला ज्या मुलीला काही शिकवायचं नसतं तिला शाळा प्यारी म्हणते. हुशार मुलाला कोणी प्यारा म्हणत नाही, त्याला गृहपाठ देतात.

काका-काकूंना यात काही वावगं वाटत नव्हतं. शाळेने ठेवून घेतलं, एवढं पुरे होतं. हे मला कळतं, कारण माझ्या दहावीच्या वर्षी बाबा मुख्याध्यापकांना भेटायला आले तेव्हा त्यांनी दाराबाहेर चपला काढल्या होत्या. आत जाजमसुद्धा नव्हतं. शिपाई हसला, "बाबूजी, अंदर मंदिर थोड़े ही है." बाबाही हसले आणि अनवाणीच आत गेले. आमच्यासारख्या घरांत शाळेकडे काही मागायचं असतं हेच माहीत नसतं. हक्क हा शब्द मी कॉलेजात पहिल्यांदा उत्तरपत्रिकेत लिहिला. तोंडाने म्हणायला अजूनही जड जातो.

पाचवीच्या आधी शाळेने सांगितलं, अपंगत्वाचं सर्टिफिकेट आणा, मग बघू. कायद्यात अपंगत्वाची चाळीस टक्क्यांची एक रेघ आहे. मूल त्या रेघेच्या वर असलं तर त्याच्या शिक्षणाबद्दल शाळेकडे बोट दाखवून बोलता येतं. खाली असलं तर हात जोडून. हे तेव्हा आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि केंद्राची पाटीसुद्धा पाहिली नव्हती.

जानेवारीत, पतंगांच्या दिवसांत, सरकारी इस्पितळाची तारीख मिळाली. काकूंनी मिनूची तयारी सुरू केली. नाव, बापाचं नाव, रंग, बोटं मोजणं. गच्च्यांवरून "वो काटा" ओरडत असायचे आणि खाली काकू मिनूला धरून बसलेल्या असायच्या. "आप कैसी हो?" "मैं ठीक हूँ." "पुन्हा." "मैं ठीक हूँ." पुढे पुढे मिनू प्रश्नाची वाट बघेना. दार वाजलं की आधी "मैं ठीक हूँ", मग दार. नवा फ्रॉक शिवला, पुढून बटणांचा. आईने आमच्या कपाटातली पावडर दिली. इस्पितळात जायच्या सकाळी मिनू उंबऱ्यात उभी राहिली तेव्हा आई सहज बोलून गेली, "बाई, पाव्हणेच येणार असं वाटून राह्यलं." काकू लाजल्या, जणू खरंच तसं होतं.

मी सोबत गेले होते, इंग्रजी वाचायला म्हणून. खोलीत एक बाई होत्या. थकलेल्या, पण वाईट नव्हत्या. मिनूला काही ठोकळे दिले, काही चित्रं दाखवली. मग काकूंना प्रश्न. या तपासणीत आईच्या उत्तरांना फार वजन असतं. मूल घरात काय करतं ते आईच सांगू शकते, असं धरलेलं असतं.

"खाना खुद खाती है?"

"हाँ जी."

"कपड़े खुद पहन लेती है?"

"हाँ जी, सब."

"अकेली पास की दुकान तक जाती है?"

काकू मिनूच्या रिबिनीकडे बघत म्हणाल्या, "जाती है. सब करती है जी मेरी बेटी."

त्यांचा आवाज इतका सरळ होता. तिकडच्या बाईंनी पेन चालवलं. मिनूने मान डोलावली. आपली आई आपलं कौतुक करते आहे, एवढं तिला नक्की कळत होतं.

सर्टिफिकेट आलं, चाळिसाच्या खालचं. इंगळेकाका ड्यूटीवरून येताना कलाकंद घेऊन आले. "कमी मार्कात पास झाली बाप्पा माही पोरगी!" असं म्हणत त्यांनी बाबांच्या तोंडात वडी कोंबली. काकू घरोघर वाटत फिरल्या. पलीकडच्या चौहान आंटी म्हणाल्या, "मैं तो पहले ही कहती थी, छोरी में कोई कमी ना है, बस लाड़ घणा है." काकूंनी त्यांना दोन वड्या दिल्या. मिनूला कळेना आज कोणाचा वाढदिवस. तिने स्वतःलाच टाळ्या वाजवल्या. मीही खाल्ला तो कलाकंद. गोड होता.

मग मार्च आला. निंबाची पानं गळायला लागली आणि शाळेतून बोलावणं आलं. मुख्याध्यापिकांनी कागद उलटसुलट पाहिला आणि तो काकांच्या बाजूला सरकवला. "देखिए, ये चालीस से कम है. इसमें हमारी कोई ज़िम्मेदारी नहीं बनती. स्पेशल टीचर हम इसके आधार पर नहीं दे सकते. और नॉर्मल में ये चल नहीं पाएगी. आप टीसी ले लीजिए." काका म्हणाले, "मैडम, डॉक्टर ने तो कहा कम है. मतलब अच्छा है ना?" त्यांनी तो कागद पुन्हा एकदा सरळ केला. त्यांनाही वाईट वाटलं असावं. मग त्या म्हणाल्या, "बच्ची बहुत प्यारी है."

काका उठले, हात जोडले आणि "जैसा आप ठीक समझें" म्हणून बाहेर आले. बाहेर त्यांनी चपला घातल्या. त्यांनीही काढल्या होत्या.

मी केंद्रात पहिल्यांदा गेले ती काकूंचा हात धरून. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, कागद पाहिला आणि काकूंना विचारलं, "आपने सब 'हाँ' कहा?" काकूंनी होकार दिला, किंचित ताठ बसून. मॅडमनी कागद बाजूला ठेवला. मग हळू आवाजात समजावलं. पुन्हा तपासणीची मागणी करता येते. पण तिथे मुलीचा सर्वांत चांगला दिवस नाही, सर्वांत वाईट दिवस सांगायचा. जे हात धरून होतं ते होत नाही असं सांगायचं. जे कधीतरी होतं तेही होत नाही. यात खोटं काही नाही, त्या म्हणाल्या. खोटं तुम्ही आधी बोललात. रिक्षात काकू रस्त्याकडेच बघत होत्या. उतरताना म्हणाल्या, "लय शिकेल दिसते तुमची मॅडम. लेकरू नसन तिले."

मॅडमना एक मुलगा आहे. तो बोलत नाही. हे मला नंतर कळलं, आणि मी काकूंना सांगितलं नाही.

बासोड्याच्या दिवशी इथल्या घरांत चूल पेटत नाही. शीतलामातेला आदल्या दिवशीचं थंड अन्न दाखवतात आणि दिवसभर तेच खातात. काकूंनी जयपूरला आल्यापासून हे व्रत धरलं होतं. चौहान आंटींनी सांगितलं होतं की मुलांसाठी असतं. त्या दिवशी मी त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. गार ओटा, झाकलेली बाजरीची राबडी, कडक झालेल्या पुऱ्या. काकूंच्या हाताला काम नव्हतं, म्हणून त्यांना बोलणं टाळता येईना. एरवी त्या पीठ मळता मळता कुठलाही विषय बुडवू शकतात.

"मी विचारते हं काकू. मुलगी स्वतः जेवते?"

"जेवते."

"काकू."

"जेवतेच ना वं. सांडते थोडंसं. सांडत काय तू नव्हती?"

"मी दहा वर्षांची असताना नव्हते सांडत."

"तुह्या मायले विचारतो."

मला हसू आलं. त्यांनाही आलं. मिनू खाली बसून एका उशीशी खेळत होती. उशीला काकांचा जुना युनिफॉर्मचा शर्ट चढवलेला होता. बटणं शिकवण्यासाठी ही युक्ती काकूंनीच काढली होती. वर्षभर मिनू त्या उशीची बटणं लावायचा प्रयत्न करायची. एक भोक सोडून दुसऱ्यात, दुसरं सोडून तिसऱ्यात. उशीला शर्ट कायम तिरका.

"एकटी दुकानात जाते?"

"जाते."

"परवा यार्डाच्या भिंतीपलीकडे कोणाला सापडली?"

काकूंचं हसू गेलं. त्यांनी राबडीवरचं झाकण उगाच उचलून पुन्हा ठेवलं. "नाही म्हन, नाही म्हन. काहून म्हनू वं? तिच्याच तोंडासमोर? मी तिची माय आहो का दुश्मन? दहा वर्सं झाले, साऱ्या गावाले सांगून राह्यली का येते, येते. माह्या सासूले सांगतलं, नंदेले सांगतलं. तिनं ऐकेल आहे थे. आता तिले काय वाटन?"

माझ्याकडे फक्त मॅडमनी दिलेले प्रश्न होते. मी पुढचा विचारला. दुपारी कधीतरी काकूंच्या तोंडून पहिलं "नाही" निघालं. केस विंचरते का, याला. हळू, जमिनीकडे बघत. मग त्या म्हणाल्या, "पुढचं विचार." त्या दिवशी थंड पुरी चावताना मला पहिल्यांदा वाटलं की आपण या घरात काहीतरी चुकीचं घेऊन आलो आहोत, आणि ते घेऊन न येणं याहून चुकीचं झालं असतं. हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे मला कोणत्याही पेपरात लिहायला सांगितलं नव्हतं.

पुढचे दिवस काकू सराव करत राहिल्या. भांडी घासताना ओठ हलायचे. नहीं. नहीं आता. नहीं कर पाती. हिंदीतून त्यांना ते सोपं जायचं. मराठीतून त्यांनी मिनूबद्दल "नाही" कधीच म्हटलं नाही, निदान माझ्यासमोर.

आणि त्याच दिवसांत, गणगौरीच्या आसपास, मिनूला बटण लावता यायला लागलं.

उशीचं नाही, तिचं स्वतःचं. त्या नव्या फ्रॉकचं वरून दुसरं. जीभ दातांत धरून, हनुवटी छातीला टेकवून, तिने ते भोकातून ओढलं आणि ते पलीकडून बाहेर आलं. ती आमच्या दारात आली. उघडलं, लावलं. "बघ." पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. मग चौहान आंटींच्या दारात. मग त्याच्या पुढच्या दारात. त्या दुपारी तिला सगळी दारं सारखी असल्याचा फायदाच झाला. आईने तिच्या हातावर गूळ ठेवला. काकू ओढणीत तोंड खुपसून रडल्या. आम्हाला वाटलं आनंदाने, आणि आनंदाने होतंच ते. पण तपासणीची तारीख चार दिवसांवर होती.

त्याच खोलीत त्याच बाई होत्या. मी मिनूला घेऊन बाहेर बसू का, असं विचारलं. विचारलं म्हणजे पुटपुटले. त्या म्हणाल्या, "नहीं, बच्ची को सामने रहने दीजिए." मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. मॅडम असत्या तर त्यांनी विचारलं असतं.

"खाना खुद खाती है?"

"नहीं."

मिनूने आईकडे पाहिलं.

"बाल बनाती है?"

"नहीं."

"अकेली बाहर जाती है?"

"नहीं जी. खो जाती है."

मिनू खुर्चीत सरकून पुढे आली. तिला वाटलं असेल, आई विसरली. तिने आठवण करून द्यायला म्हणून म्हटलं, "मैं ठीक हूँ." बाई हसल्या, पेन थांबलं नाही.

"कपड़ों के बटन?"

काकूंनी मिनूच्या फ्रॉककडे पाहिलं. बाहेर कोणीतरी कोणाचा तरी नंबर पुकारत होतं. "नहीं," काकू म्हणाल्या. "नहीं लगा पाती."

मिनूने हनुवटी छातीला टेकवली. जीभ दातांत धरली. वरून दुसरं बटण उघडलं आणि लावायला घेतलं. अगदी सावकाश, आईला नीट दिसावं म्हणून. ते भोकाच्या तोंडाशी आलं, अर्धं आत गेलं, आणि काकूंनी आपला हात तिच्या हातावर ठेवला. दाबून. लाडाने ठेवावा तसाच दिसत होता तो हात. बाईंचं लक्ष कागदाकडे होतं. मिनूने हात सोडवायचा प्रयत्न केला, एकदाच. मग तिने बोटं सैल सोडली.

बाकीची सगळी "नाही" खरी होती. ते एक खोटं होतं. आणि मी कितीही हिशेब केला तरी त्या एका बटणाने चाळिसाच्या रेघेला काही फरक पडला असता असं मला वाटत नाही. पण हे आम्हाला त्या खोलीत कोण सांगणार होतं? गरिबाला कुठली गोष्ट वजनाची आणि कुठली नाही ते माहीत नसतं, म्हणून तो सगळंच देऊन टाकतो.

या वेळी आकडा रेघेच्या वर आला. कलाकंद आला नाही. मॅडम शाळेत गेल्या, बोट दाखवून बोलल्या, आणि शाळेने मिनूला ठेवून घेतलं. आम्ही जिंकलो, असं केंद्रात सगळे म्हणाले. मीही म्हटलं. तिला एक वेगळी खोली मिळाली. तिथे फुटका पृथ्वीचा गोल, कबड्डीच्या चटया आणि मागच्या वर्षीच्या गॅदरिंगचे पंख ठेवलेले असतात. स्पेशल टीचर आहेत. त्या आणखी एका शाखेतही आहेत, त्यामुळे येतात तेव्हा येतात. मुख्याध्यापिका आता तिला प्यारी म्हणत नाहीत. शिपाई विचारतो, "कौन, वो सर्टिफिकेट वाली?" तरीही मी सांगेन की हे टीसीपेक्षा बरं आहे. रोज सकाळी ती दप्तर घेऊन निघते. कुठेतरी तिची वाट बघितली जाते, निदान हजेरीपुरती.

गेल्या आठवड्यात मी घरी पोचले तर मिनू आमच्या दारात उभी. बारा वर्षांची झाली आहे, उंचीने माझ्या खांद्याशी आली आहे. कुडत्याची वरची दोन बटणं उघडी. माझ्यासमोर येऊन तिने मान वर केली. "दीदी, बटन."

"तूच लाव की गं. तुला येतं."

"नहीं आता," ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. आवाज काकूंचा होता, त्या खोलीतला, तसाच सपाट.

शेजारच्या दारात काकू तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं. ताटातला एक खडा त्यांनी उचलला, बोटांत धरून ठेवला, टाकला नाही. मुलं शिकलेलं विसरतात, पुन्हा शिकतात, त्याचं फार मनावर घेऊ नये, असं मॅडम म्हणतात. तसंच असेल. त्या उशीला अजून काकांचा शर्ट आहे. हल्ली त्याची बटणं लावलेली असतात, सगळी, ओळीने बरोबर. ती काकूच लावतात.

मी मिनूची बटणं लावली.

तर आज त्या चारदीवारीतल्या बाई समोर बसल्या होत्या आणि त्यांची लाल रिबिनीची मुलगी मला पुन्हा सांगत होती की ती ठीक आहे. तिची तारीख परवाची. मला ते सगळं त्यांना समजावायचं होतं, वाईट दिवस, "नाही" म्हणणं, खाली न बघणं. आता मी ते बऱ्यापैकी बोलू शकते. पण सुरुवातीला मी एक करते, ते मला कोणी शिकवलेलं नाही. मी म्हटलं, "पहले मुझे बताइए, इसको क्या-क्या आता है." बाईंचा चेहरा उजळला. लसूण सोलते. धाकट्या भावाला झोका देते. दळण आणायला सोबत येते आणि पिठाच्या डब्याचं झाकण स्वतः लावते. रंग ओळखते, लाल आणि हिरवा, नगीन्यांमुळे. मुलगी ऐकत होती, मान डोलावत होती. त्यांचं सांगणं संपेपर्यंत मी थांबले. मग मुलीला अंगणात कडुनिंबाखाली पाठवलं, आणि तिची आई नजरेनेही तिला परत बोलावणार नाही अशा बेताने म्हटलं, "परसों इसमें से एक भी नहीं बोलना है."

बाहेर मुलगी पिवळी पानं गोळा करून फ्रॉकच्या घेरात भरत होती.

आणखी एक गोष्ट मी मिळवली आहे. मोठी नाही. गेल्या वर्षी त्या इस्पितळातल्या बाईंना मी दुसऱ्यांदा विचारलं, मग तिसऱ्यांदा, आवाज कापत होता तरी विचारलं, आणि आता आईला प्रश्न चालू असताना त्या मला मुलाला घेऊन बाहेर बसू देतात. व्हरांड्यात एक लोखंडी बाक आहे. परवाही आत चारदीवारीतल्या बाई "नहीं" म्हणत असतील आणि बाहेर मी त्या मुलीला विचारत असेन, तुला काय काय येतं? मुलं दाखवतात. कोणी टाळ्या वाजवतं, कोणी एका पायावर उभं राहतं, कोणी माझ्या ओढणीला गाठ मारतं आणि ती सोडवता येत नाही म्हणून हसतं.

पण ते दार जुनं आहे, नीट लागत नाही. फटीतून आवाज येतो. आईचा आवाज मूल ओळखतं, त्यातला तो शब्दही ओळखतं. गाठ मारणारे हात मधेच थांबतात आणि मान दाराकडे वळते.

तेव्हा मी जरा मोठ्याने विचारते, "अच्छा, और? और क्या आता है?"